आक्कांसाठी जागा

आक्काताई किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर सापडल्या, तेव्हा त्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पिशवीत एक उशी आणि दोन कांडी ऊस होता. "नांद्र्याची गाडी कवा हाय?" असं त्या प्रत्येकाला विचारत होत्या. नांद्रे त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं म्हणावं असं कुणी उरलेलं नव्हतं, पण गाडी मात्र खरोखर तिकडूनच जाते, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेवटी कुंडलच्याच कृष्णातनं त्यांना ओळखलं. तो दुधाची गाडी घेऊन आला होता. "आक्का, चला, मी पण तिकडंच निघालोय," असं सांगून त्यानं त्यांना गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं.

तोवर सुंदरीबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आल्या होत्या, विहिरीवर जाऊन आल्या होत्या, उसाच्या फडाच्या कडेनं हाका मारत फिरल्या होत्या. गुडघे साथ देत नव्हते. गाडीतून उतरणाऱ्या आक्काताई दिसल्या तशा त्या दारातच खाली बसल्या. आक्काताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मान फिरवली आणि आत निघून गेल्या.

त्या मान फिरवण्यामागे जुनी गोष्ट होती. दोघी सख्ख्या जावा. आक्काताई थोरली, सुंदरी धाकटी. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली आणि चुली वेगळ्या झाल्या. भाऊ पुढं बोलायला लागले, जावा नाही लागल्या. कितीतरी वर्षं दोघी एकाच नळावर पाणी भरायच्या आणि एकमेकींच्या घागरीकडे बघायच्या, तोंडाकडे नाही. पुढं सुंदरीचा नवरा गेला, मागून आक्काताईंचे मालक जिनपाल गेले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदरी भाकरी आणि पिठलं घेऊन भिंतीपलीकडे गेली. ताट पुढं ठेवलं आणि म्हणाली, "आक्का, दिवस मावळायला आलाय, जेवून घ्या." आक्काताई जेवल्या. भांडणाचा विषय तेव्हाही निघाला नाही आणि नंतरही नाही. आक्काताईंचा एकुलता मुलगा जिनेंद्र पुण्याला कारखान्यात होता, सुंदरीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दोघींचा संसार आपोआप एक झाला.

आणि आता आक्काताईंची आठवण विरत चालली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि याला उतार नाही हेही सांगितलं. सुंदरीनं ते मान्य केलं. कपडे बदलणं, अंघोळ, औषध, सगळं ती करत होती. अडचण वेगळीच होती. आक्काताईंच्या मनातून अलीकडची वर्षं पुसली जात होती आणि त्याखालची जुनी वर्षं वर येत होती. कधीकधी नेमकी भांडणाची वर्षं यायची. मग त्या सुंदरीशी बोलायच्या नाहीत. तिनं वाढलेलं ताट सरकवून द्यायच्या. "हिच्या हातचं मला नगं." शेजारच्या सुनेला बोलावून तिच्या हातून तेच ताट द्यावं लागायचं. सुंदरी भिंतीआड उभी राहून त्या जेवतात का, ते ऐकायची.

स्टेशनाची गोष्ट कळल्यावर जिनेंद्र दुसऱ्याच दिवशी आला. आईला पुण्याला नेऊन झालं होतं. तिथं त्या दिवसभर लिफ्टच्या दारापाशी उभ्या राहायच्या आणि "ह्ये कपाट उघडा, मला जायाचंय" म्हणून रडायच्या. त्यामुळे तो मार्ग बंद होता.

"काकू, तुला हे आता झेपायचं नाही," तो जेवता जेवता म्हणाला. "मी दोन जागा बघून ठेवल्यात. अशा लोकांसाठी वेगळी सोय असते. तू बरोबर चल. तू बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही."

"आश्रमात ठिवायचं आक्काला?" सुंदरीचा घास हातातच राहिला.

"आश्रम नव्हं गं. आधी बघू तरी."

संध्याकाळचं बोलणं तिथंच थांबलं. सकाळी सुंदरी नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसलेली होती. शेजारच्या सुनेला तिनं आक्काताईंजवळ बसायला सांगितलं होतं.

पहिली जागा सांगलीतच होती. सुंदरीला ती बघताक्षणी आवडली. चकचकीत फरशी, खिडक्यांना पडदे, मोठा टीव्ही, दारात तुळस. बस्ती चालत जाण्याएवढी जवळ. सूर्यास्ताच्या आत जेवण मिळेल का, असं विचारल्यावर तिथला माणूस हसून म्हणाला, "मिळेल की. कांदा-लसूण नको ना? तेही होईल. आजींना जे पाहिजे ते सगळं होईल." कुंडलहून एसटीनं सकाळी निघून दुपारी परत येता येणार होतं. सुंदरीनं मनातल्या मनात आक्काताईंचा पलंग कुठल्या खिडकीशी ठेवायचा, तेही ठरवून टाकलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "जिनू, हीच जागा बरी. दुसरी बघायची कशाला?"

जिनेंद्रनं गाडी सुरू केली नाही. "काकू, खोल्यांच्या दारांना कडी बघितलीस? बाहेरनं आहे."

"आक्कासारखी माणसं बाहेर जातील म्हणून आसंल."

"मुख्य दाराला असती तर मी समजून घेतलं असतं. प्रत्येक खोलीला बाहेरनं कडी कशाला? मी विचारलं तर म्हणाला, रात्रीपुरती. आणि दुपारचे तीन वाजलेत, दोन दारं लावलेलीच होती. एका दारामागं कुणीतरी आतनं थापा मारत होतं."

सुंदरीनं थापा ऐकल्या होत्या. तिला वाटलं होतं, कुठंतरी सुताराचं काम चाललंय. गाडी निघाली. पलूसचा फाटा आल्यावर म्हणाली, "बरं केलंस बघितलंस ते. मी नुसती फरशी बघत बसले."

दुसरी जागा त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितली. ती साताऱ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला होती. रस्ता खडबडीत होता आणि इमारत साधी. भिंतींचा रंग एका बाजूला उडालेला. सुंदरीचं मन आधीच खट्टू झालं होतं. एवढं लांब. कराडला गाडी बदलून यायचं म्हणजे दिवसच मोडायचा.

तिथल्या बाई राजेश्वरी. पूर्वी लष्कराच्या इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी सगळी जागा स्वतः फिरवून दाखवली. एका बाजूला हिंडती-फिरती म्हातारी माणसं राहत होती. कुणाला गुडघ्याचा त्रास, कुणाला दिसत कमी, पण डोकं शाबूत. दुसऱ्या बाजूला आक्काताईंसारखी विसरलेली. मधे एक जाळीचं दार. विसरलेल्यांच्या बाजूला चौक होता आणि चौकाभोवती फिरून पुन्हा तिथंच येणारा व्हरांडा. एक बाई त्यातून हातात टॉवेल घेऊन चालत होत्या, चालतच होत्या, आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं.

"यांना कुठं जायचंय?" जिनेंद्रनं विचारलं.

"शाळेत," राजेश्वरी म्हणाल्या. "मुलं वाट बघतायत म्हणतात. चालून दमल्या की येऊन बसतात. वाट संपली की ही माणसं घाबरतात, म्हणून व्हरांड्याला शेवट ठेवलेला नाही."

सुंदरीनं तिचा प्रश्न विचारला. "दिवस मावळायच्या आत जेवायला घालाल का? आमच्यात रात्रीचं खात न्हाईत. कांदा, लसूण, बटाटा काय चालत न्हाई. आक्का सगळं इसरली, पर त्ये न्हाई इसरली. अंधार पडल्यावर ताट दिलं तर उपाशी झोपती."

राजेश्वरी लगेच हो म्हणाल्या नाहीत. "वेळेचं जमेल. आमचं जेवण साडेसातला असतं, पण एकटीला आधी वाढता येईल. कांदा-लसणाचं मी आत्ता सांगू शकत नाही. स्वयंपाकघर एकच आहे आणि भांडी तीच. वेगळं भांडं ठेवून रोज करायला बाई तयार होते का, हे विचारून तुम्हाला कळवते. उगाच हो म्हणून नंतर तुम्हाला त्रास नको."

"आन् मारतात का?" सुंदरीनं सरळच विचारलं. जिनेंद्र गोरामोरा झाला.

"नाही मारत. पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका. तिकडं सुभेदार बसलेत, त्यांना विचारा. मी येत नाही तिकडे."

चिंचेखाली एक उंच म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. निवृत्त सुभेदार मानसिंग, पाटणकडचे. ते स्वतः हिंडत्या-फिरत्यांच्या बाजूला राहत होते आणि त्यांची बायको अंबूबाई जाळीच्या दाराच्या पलीकडे.

"बसा," त्यांनी सुंदरीला दुसरी खुर्ची ओढून दिली. "कोण हाय तुमचं?"

"थोरली जाऊ."

"मग सांगतो. हितला चहा म्हंजे निस्तं पाणी. रविवारी माणसं कमी असत्यात, हाका मारून घसा बसतुया. पावसाळ्यात तिकडची भिंत गळती. पर हात उगारलेला म्या कवा बघितला न्हाई. आन् म्या रोज बसतो आत, दोन टायमाला."

"वळखतात का तुमास्नी, मालकीणबाई?"

"न्हाई." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला गावातला पोस्टमन समजती. पत्र आलं का, इचारती. म्या म्हणतो, आलं की, पोरगं बरं हाय, सुट्टीवर येणार हाय. लय खूश हुती. पैल्यांदा वाईट वाटायचं. आता वाटतं, नवऱ्याला बघून बी एवढी खूश कवा झाली नव्हती." ते मोठ्यानं हसले, आणि सुंदरीलाही हसू आलं.

परत येताना ती जिनेंद्रला म्हणाली, "बाईनं न्हाई म्हणायला पायजे तिथं न्हाई म्हटलं. मला त्ये बरं वाटलं."

चार-पाच दिवसांनी राजेश्वरींचा फोन आला. लहान कुकर आणि दोन पातेली वेगळी ठेवायची, बाई तयार आहे. सुरुवातीला घरचं कुणी सोबत राहिलं तर चालेल, पलीकडच्या बाजूला खोली रिकामी आहे.

सुंदरी गेली. महिनाभर राहायचं असं ठरवून गेली. घराला कुलूप लावलं, गाय कृष्णातकडे सोपवली. मनात तिनं आणखीही एक ठरवलं होतं, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. जागा बरी निघाली तर आपणही इथंच राहायचं. आक्का त्या बाजूला, आपण ह्या बाजूला. मधे जाळीचं दार असलं म्हणून काय झालं? आधी भिंतही होतीच की.

पहिले दिवस वाईट गेले. आक्काताई सगळ्यांना नांद्र्याची गाडी विचारत फिरल्या. काम करणाऱ्या बाया त्यांना "गाडी गेली" किंवा "उद्या आहे" असं सांगत नसत. "नांद्र्याला कोण कोण आहे, आक्का?" असं विचारत आणि बरोबर चालत. आक्काताई सांगायला लागत, आणि सांगता सांगता गाडी मागं पडायची.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी सुंदरी स्वतः ताट घेऊन जायची. आणि आक्काताई मान फिरवायच्या. कुंडलला असं आठवड्यातून एखाद-दोनदा व्हायचं, इथं रोज व्हायला लागलं. नवी जागा, नवी माणसं, त्यात ओळखीचा चेहरा एकच, आणि त्या चेहऱ्याबरोबर नेमकं भांडण आठवायचं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला त्या मोठ्यानं सांगायच्या, "ही माझी जाऊ. आमी बोलत न्हाई. हिनं आमचं पाणी तोडलं." शेजारच्या बाईला काही कळायचं नाही, पण ती मान हलवायची आणि सुंदरीकडे रागानं बघायची.

एका संध्याकाळी सुंदरीला ताप होता, ती खोलीतून बाहेर पडली नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर उशिरा गेली, तर व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून तिला आक्काताई दिसल्या. ताट पुढं होतं. तिथली एक बाई समोर बसून नुसती बोलत होती आणि आक्काताई आपल्या हातानं भात कालवून खात होत्या. मधेच काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. आक्काताईंना हसताना सुंदरीनं कितीतरी दिवसांनी बघितलं. ती दोन पावलं पुढं झाली. आक्काताईंची नजर तिच्यावर पडली आणि घास ताटात परत गेला. हसू पुसलं गेलं.

सुंदरी मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राजेश्वरींच्या खोलीत गेली. "बाई, मी हाय म्हणून तिला तरास हुतोय. व्हय ना?"

राजेश्वरींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुम्हाला काय दिसलं?"

सुंदरीनं सांगितलं.

"मलाही तसंच वाटतंय," राजेश्वरी म्हणाल्या. "पण हे मी तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही एवढं सगळं सोडून आलात."

"म्या तिचं समदं केलं, बाई. अंघोळ, शी-शू. आन् मलाच बघून तिचा घास थांबतो." सुंदरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "राग यायला पायजे मला. येत न्हाई. ती मुद्दाम थोडीच करती?"

"नाही. मुद्दाम नाही."

"मग मी जाती."

राजेश्वरींनी तिला थांबा म्हटलं नाही. चहा करून दिला. तो खरोखरच पातळ होता.

जाताना सुंदरीनं आक्काताईंचा निरोप घेतला नाही. लांबूनच बघितलं. सुभेदारांनी तिची पिशवी गेटपर्यंत आणली. "वर्षभर बाहेर राहून बघा," ते म्हणाले. "म्या बी पैल्यांदा बायकोमागं हितं ऱ्हायला यायची अशीच घाई केली हुती." मग जरा थांबून म्हणाले, "न्हाई, मला घाई करून पस्तावा न्हाई. तुमचं येगळं."

कुंडलचं घर सुंदरीला मोठं वाटायला लागलं. सवयीनं ती जास्तीचं पीठ मळायची. दुपारी डोळा लागला की दचकून उठायची, दार उघडं राहिलं का बघायची, आणि मग आठवायचं की आता दार उघडं राहिलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यात ती गाढ झोपली आणि त्याचीच तिला लाज वाटली. शेजारची सून म्हणाली, "काकू, तुमची तब्येत सुधारली." सुंदरी दावं घेऊन कृष्णातकडे गेली. गाय परत आणली. बस्तीत सकाळी निवांत बसता यायला लागलं. जिनेंद्र दर रविवारी साताऱ्याला जायचा आणि परतताना फोन करायचा. आई खातेय, वजन वाढलंय, रात्री झोपतेय. गाडी अजून विचारते, पण कमी. एकदा भिंत गळून तिची गादी भिजली होती, त्यावरून त्यानं राजेश्वरींशी चांगलंच भांडण केलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत भिंतीला गिलावा झाला होता.

"माझ्याबद्दल इचारती का?" सुंदरी प्रत्येक वेळी विचारायची.

"न्हाई," जिनेंद्र खरं सांगायचा.

उसाला तोड आली तेव्हा राजेश्वरींनीच फोन केला. "एकदा येऊन बघा. मला वाटतं, आता या. नाही जमलं तर लांबूनच बघून जा."

सुंदरी सकाळच्या एसटीनं निघाली. कराडला गाडी बदलली. पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. चौकात बायका उन्हाला बसल्या होत्या आणि मधे परडीत वाटाण्याच्या शेंगा होत्या. आक्काताई शेंगा सोलत होत्या. अंगावर स्वच्छ लुगडं, केस विंचरलेले. सुंदरी लांब उभी राहिली. आक्काताईंनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. मान फिरवली नाही.

"या की," त्या म्हणाल्या. "उन्हात का उभ्या? बसा."

सुंदरी बसली. तिच्या लक्षात आलं की आक्काताईंनी आपल्याला ओळखलेलं नाही. अजिबात नाही.

"कुठलं गाव तुमचं?" आक्काताईंनी विचारलं.

"कुंडल."

"लांब हाय. जेवलासा का? हितं लवकर वाढत्यात, दिवस मावळायच्या आत. माणसं चांगली हायत." त्यांनी मूठभर शेंगा सुंदरीच्या पुढ्यात टाकल्या. "मी नांद्र्याची."

"नांद्र्याची व्हय?"

"तर. आमच्या बाच्या मळ्यात बोरीचं झाड हुतं. मी आन् माझी धाकटी भण वर चढायचो. ती पडली एकदा. हात मोडला. मला बानं लय मारलं, आन् तिनं सांगितलं, मीच पडलेय, आक्काला मारू नका. भण लय गुणाची हुती. बाळंतपणात गेली."

सुंदरीचे हात थांबले. आक्काताईंना धाकटी बहीण होती, हे तिला एका घरात राहून, एका नळावर पाणी भरून, एका चुलीवर जेवून कधी कळलं नव्हतं. आक्काताईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं की आपणच कधी विचारलं नव्हतं, याचा तिनं विचार केला आणि सोडून दिला.

"नाव काय हुतं भणीचं?" तिनं विचारलं.

आक्काताईंनी नाव सांगितलं. मग ती बहीण कशी गायची, तिला गूळ कसा आवडायचा, तिच्या लग्नात पाऊस आला तर मांडव कसा धरून ठेवला, सगळं सांगितलं. काही गोष्टी दोनदा सांगितल्या. सुंदरीनं दोन्ही वेळा ऐकल्या आणि मधे मधे विचारत राहिली. परडी रिकामी झाली. मग सुंदरीनंही आपल्या माहेरचं सांगितलं, वडील बैलांच्या जोड्या विकत त्याबद्दल, आणि आक्काताई अगदी नव्यानं ऐकावं तशा ऐकत होत्या, कारण त्यांना ते नवंच होतं.

दुपारची गाडी गाठायची म्हणून सुंदरी उठली. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठत असताना आक्काताईंनी तिचा दंड धरला आणि आधार दिला.

कराडच्या स्टँडवर जिनेंद्रचा फोन आला. गलका एवढा होता की सुंदरीला दुसरा कान झाकावा लागला.

"काकू, आईनं ओळखलं का तुला?"

"न्हाई ओळखलं."

"वाईट वाटलं असंल."

"वाटलं. बसल्या बसल्या वाटलं." कुंडलची गाडी फलाटाला लागत होती, लोक दाराकडे पळायला लागले होते. सुंदरीनं पिशवी काखेत घट्ट धरली. "पर निघताना मला म्हणाली, परत या. पुढच्या बुधवारी जाणार हाय मी. तू काय सांगायला जाऊ नगंस तिला, मी कोण ते."

आणि ती गाडीत जागा धरायला निघाली.